वार्तेची तिथी

आमच्या मांद्र्याच्या घरात म्हाळाची एक वही आहे. आडव्या पानांची, लाल कापडी पुठ्ठ्याची. घरातल्या गेलेल्या माणसांची नावे तिच्यात आहेत आणि प्रत्येक नावापुढे तिथी. पहिली काही पाने मोडीत, पुढची बाळबोधात. मोडीची शाई तपकिरी पडली आहे, बाळबोधातली निळी अजून ठळक आहे. माझ्या पणजोबांच्या नावापुढे ‘आश्विन व. ४’ एवढेच लिहिलेले आहे. साल नाही. कोणाच्याच नावापुढे नाही, कारण श्राद्धाला साल लागत नाही. पितृपक्षात भटजी येतात, नाव-गोत्र उच्चारले जाते, पिंड ठेवला जातो, आणि ते वर्ष कोणते होते हे विचारण्याची वेळ शंभर वर्षांत कोणावर आली नव्हती.

ती वेळ जमिनीने आणली. आश्वे, जुनसवाडा, मांद्रे ही किनारपट्टी आता कोणाला सांगायला नको. ज्या भाटात नारळ काढायला पाडेली मिळेना, त्या भाटाच्या चौरस मीटरचा भाव विचारत लोक दारात येतात. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तर अख्ख्या पेडणे तालुक्यात प्रत्येक घरात जुने कागद बाहेर निघाले आहेत. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेली रीत अशी, की माणूस गेला की त्याचे सगळे वारस नोंदवायचे. कोर्टात इन्व्हेंतार (वारसा-वाटणीचे काम) करायचा किंवा नोटरीपुढे वारसाचा दस्त. २०१६ च्या डिसेंबरात नवा वारसा कायदा लागू झाला, पण मूळ चौकट तीच राहिली. आमचे भाट पणजोबांच्याही वडिलांच्या नावावर निघाले. वकिलांनी भावाला विचारले, ‘हे आधी गेले की यांचे वडील आधी गेले? कुठे गेले? साल कोणते?’ भावाने मला फोन केला. मी लग्न होऊन डिचोलीला आले त्याला बराच काळ लोटला, पण घरातले जुने कागद वाचायची आवड माझी, हे त्याला ठाऊक होते.

कागदाचे काम पुढे भावाने आपल्या पद्धतीने पुरे केले. मी मात्र त्या प्रश्नापाशी थांबले. आपल्या घरातला एक पंचविशीचा माणूस गेला आणि तो कोणत्या वर्षी गेला हे आपल्याला माहीत नाही, ही गोष्ट मला सहन होईना.

बार्देश-साष्टीतल्या ख्रिस्ती कुटुंबांची या बाबतीत सोय आहे. त्यांच्या चर्चची बाप्तिस्म्याची, लग्नाची, मरणाची पुस्तके शेकडो वर्षांची आहेत. आमचे पेडणे नव्या काबिजादीतले. १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे आले. तिथल्या हिंदू घरांची जन्ममरणे देवळाच्या, भटजींच्या आणि बायकांच्या स्मरणात राहिली. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि १९१४ पासून गोव्यात सर्वांसाठी नागरी नोंदणी सुरू झाली. त्या पुस्तकांत माझ्या आजोबांचा जन्म मिळाला, १९१७ सालचा, आणि त्या नोंदीत वडील हयात आहेत. पणजोबांच्या मरणाची नोंद तिथे नाही, आणि ती नसणार हेही उघड होते. ते मुंबईत वारले.

मांद्र्यातल्या, हरमलातल्या, मोरजीतल्या अनेक घरांतला एखादा पुरुष तेव्हा मुंबईला असे. पावसाळा सरला की बोटी सुरू होत. वेंगुर्ल्याच्या बंदरात बोट बाहेर नांगरायची, उतारूंना पडावातून किनाऱ्याला आणायचे. तिथून शिरोडे, आरोंदा, मग तेरेखोलची खाडी होडीने ओलांडून किरणपाणी, आणि पुढे पायी घर. एका खाडीच्या दोन काठांवर दोन राज्ये होती, इंग्रजांच्या छत्राखालचे सावंतवाडीकरांचे आणि फिरंग्यांचे. सरकारी कागद ही खाडी ओलांडत नसत, माणसे ओलांडत. म्हणून मुंबईतले मरण गोव्याच्या पुस्तकात शोधण्यात अर्थ नव्हता, आणि मुंबई महापालिकेच्या मृत्यूच्या पुस्तकात शोधायचे तर आधी निदान साल हातात हवे.

साल शोधायला दोनच गोष्टी उरल्या होत्या. आत्या आणि वर्तमानपत्रे.

आत्या नव्वदीला आली आहे. लहानपणी ती पणजीच्या कुशीत झोपे, त्यामुळे आमच्या घरात पणजीचे शब्द ऐकलेली ती शेवटची व्यक्ती. तिला विचारले तर ती पहिल्यांदा तेच म्हणाली जे आम्ही सगळे ऐकत आलो होतो, ‘तो मुंबयत तापान गेलो.’ मग थोड्या वेळाने, ‘पुनव जाली आनी चवथ्या दिसा मनीस आयलो.’ पुनव म्हणजे आमच्याकडे पेडण्याची पुनव, कोजागिरीची. माणूस आला म्हणजे गावचाच कोणी, बोटीने वेंगुर्ल्याला उतरून चालत आलेला. त्याच्याजवळ पणजोबांची ट्रंक होती. त्या वर्षी पाऊस मधेच गेला होता आणि शेतात कापण्यासारखे फार काही नव्हते. लढाई चालू होती. आजोबा रांगत होते. आणि शेवटी आत्याने ती गोष्ट सांगितली जी पणजी म्हणे मरेपर्यंत विसरली नाही. भाऊबंदांनी तीनच दिवस सुतक धरले. पणजीच्या घरात दहावा चालला होता आणि पलीकडच्या घरांतून दिवाळीचे पोहे कांडल्याचा आवाज येत होता. त्या मुसळाच्या आवाजावरून आमच्या दोन घरांत पुढे कित्येक वर्षे बोलणे नव्हते.

एवढे हातात घेऊन मी वर्तमानपत्रांकडे वळले.

गोव्यात छापील पत्र पहिल्या मराठी पत्राच्या आधी आले. ‘गाझेता द गोवा’ १८२१ च्या डिसेंबरातले, बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’च्या दहा वर्षे आधीचे. १८३७ पासून सरकारी ‘बोलेतीं’ निघू लागले, आणि वारसा शोधणाऱ्याला ते पहिले चाळावे लागते, कारण जमीनजुमला असलेला माणूस गेला आणि इन्व्हेंतार झाला तर वारसांना हजर राहण्याचे जाहीरनामे त्यातच छापले जात. १९०० साली ‘ओ हेराल्डो’ हे पहिले पोर्तुगीज दैनिक सुरू झाले. हिंदू समाजाची पत्रे त्यानंतर जोमाने निघाली. फोंड्याचे ‘लुझ द ओरिएंत’, केप्याहून गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे ‘भारत’. यांतले जे काही राहिले आहे ते पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात पाहायला मिळते. १८३२ साली स्थापन झालेले हे ग्रंथालय आता नव्या प्रशस्त इमारतीत आहे आणि त्याचा दुर्मीळ ग्रंथांचा विभाग गोव्यात घरचा इतिहास शोधणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी पाहावा असा आहे.

जुन्या पत्रांची बांधलेली फाईल कशी असते ते सांगते. मोठ्या पाटाएवढी, दोन हातांनी उचलावी लागते. उघडली की आधी खळीचा आणि कसरीचा मिळून एक वास येतो. मधली पाने बरी असतात. पहिल्या-शेवटच्या पानांच्या कडा तांदळाच्या कण्यांसारख्या टेबलावर गळतात, आणि उठताना आपल्या पदरावर, बाहीवर त्या चिकटलेल्या असतात. शाई पाठच्या बाजूने उमटलेली, त्यामुळे एका स्तंभातून दुसरा स्तंभ वाचायला येतो. घडीवरची ओळ बहुधा नाहीशी झालेली असते. बोटाने ओळ धरायची नाही, पान कोपऱ्यातून उलटायचे नाही, खालून तळहात घालून उचलायचे, हे तिथले कर्मचारी हळू आवाजात सांगतात आणि आपण दोन तासांत शिकतो. नावे पोर्तुगीज वळणाने छापलेली. परब, नाईक, गावस सगळ्यांचे वेगळेच रूप. घरातले नाव शोधायचे तर आधी ते नाव त्या काळचा कारकून कसे लिहील याचा विचार करावा लागतो.

गोव्यातल्या पत्रांत पणजोबा नव्हते. तिथून मुंबई-पुण्याच्या पत्रांकडे गेले. ‘इंदुप्रकाश’ १८६२ पासूनचे, ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासूनचे, ‘केसरी’ १८८१ पासूनचा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटी, पुण्यात केसरीवाडा. जिथे मूळ अंक नव्हते तिथे चित्रफीत किंवा संगणकावरची प्रत. कोकणातल्या बातमीसाठी रत्नागिरीचे ‘सत्यशोधक’, कारण वेंगुर्ले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते.

जुनी मराठी पत्रे मिती आणि तारीख दोन्ही छापत. आमच्यासारख्यांना याचा केवढा उपयोग! घरात तिथी होती, तारीख नव्हती. पत्राच्या कपाळावर दोन्ही शेजारी उभ्या. पाऊस मधेच गेलेले, लढाई चाललेली, आजोबा रांगते, असे वर्ष एकच, १९१८. त्या वर्षी दसरा १५ ऑक्टोबरला होता, मंगळवारी. शिर्डीला साईबाबांनी देह ठेवला तो हाच दसरा, त्यामुळे ती तारीख महाराष्ट्रात पुष्कळांना पाठ असते. त्यानंतर कोजागिरी, आणि चौथा दिवस म्हणजे ऑक्टोबरची बावीस-तेवीस. शके १८४०. साल मिळाले होते.

मग मी तो महिना वाचायला घेतला, आणि आमच्या घरातला ‘ताप’ कोणता होता ते पानापानावर उलगडत गेले. महाराष्ट्रात त्याला लोक मानमोडी म्हणत. पत्रांत इन्फ्लुएंझा. जून १९१८ मध्ये गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई मुंबईत पहिल्यांदा आजारी पडले आणि मग साथ शहरभर झाली. ती लाट ओसरली. सप्टेंबरात दुसरी आली आणि ही जीवघेणी होती. तिने म्हातारे आणि मुले यांच्यापेक्षा वीस ते चाळीस वयाची, कमावती, धडधाकट माणसे जास्त नेली. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी थंडी वाजून पडायचा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुप्फुसे भरून जायचा. ६ ऑक्टोबर १९१८, रविवार. त्या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. साथीतला तो सर्वांत वाईट दिवस. नवरात्राचे घट बसत होते.

त्याच आठवड्यातली पहिली पाने लढाईच्या तारांनी भरलेली आहेत. दमास्कस पडले. बल्गेरियाने हत्यार खाली ठेवले. जर्मनीने विल्सनकडे तहाची बोलणी लावली. टिळक चिरोलवरच्या खटल्यासाठी विलायतेला निघाले होते. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांवर अग्रलेखांमागून अग्रलेख. धान्याची महागाई, कापडाची महागाई. आणि आतल्या पानावर साथीचे आकडे, डॉक्टरांच्या सूचना, तापावरच्या औषधांच्या जाहिराती, गर्दी टाळा असे सांगणारी पत्रके. मी आधी आतले पान वाचायचे आणि नंतर पहिले. जग लढाई जिंकत होते आणि गिरगावातल्या एका खोलीत मांद्र्याचा एक माणूस तापाने फणफणत पडला होता, हे एकाच अंकात शेजारी शेजारी वाचताना माझे हात थांबत.

ती खोली गाववाल्यांची होती, आत्याच्या सांगण्याप्रमाणे. दहा-बारा जण एका खोलीत, पाळ्यांनी झोपणारे. ज्यांच्या बायका गावी. अशा खोलीत एकाला ताप आला की सगळ्यांना येणार. कोणी कोणाला पाणी द्यायचे? ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक तेव्हा चाळीचाळींतून औषध आणि दूध घेऊन फिरत होते, आणि त्यांतले कित्येक स्वतः आजारी पडत होते. आमच्या पणजोबांपर्यंत कोणी पोचले का, मरताना जवळ कोण होते, सोनापूरच्या स्मशानात कोणी नेले, हे कुठल्याही पत्रात छापलेले नाही. पण पोचणारे होते, एवढे पत्रे वाचून कळते, आणि ते कळल्यावर मला थोडे बरे वाटले हे खरे.

आता तिथीचा प्रश्न. साल मिळाले, ऑक्टोबर मिळाला, पण आश्विन वद्य चतुर्थीच्या आसपासचे अंक पुन्हा पुन्हा पाहताना एक गोष्ट मला खटकू लागली. ऑक्टोबरच्या त्या चौथ्या आठवड्यात मुंबईतली साथ बरीच उतरली होती. आणि पुनवेच्या चौथ्या दिवशी तर माणूस मांद्र्यात पोचला होता, ट्रंक घेऊन. बोट, पडाव, शिरोडे, आरोंदा, होडी. मुंबईतले मरण त्याच दिवशी कसे असेल? वहीतली तिथी मरणाची नव्हतीच, बातमी आली त्या दिवसाची होती. परगावी गेलेल्याची मृततिथी कळली नाही तर वार्ता कळली ती तिथी धरायची, ही आपल्याकडची जुनी चाल आहे. ट्रंक घेऊन आलेल्याला तिथी सांगता आली नसणार. त्या खोलीत त्या दिवसांत पंचांग कोण पाहत होते!

याच जागी आत्याने सांगितलेले ते मुसळाचे कांडण मला आठवले. भाऊबंदांचे तीन दिवसांचे सुतक.

आमच्या भटजींना विचारले, धर्मसिंधूही पाहिला. नियम असा आहे: सपिंडाच्या मरणाची बातमी दहा दिवसांच्या आत आली तर राहिलेले दिवस सुतक धरायचे. दहा दिवस उलटून गेल्यावर, पण तीन महिन्यांच्या आत आली तर तीन रात्री. बायकोला आणि मुलाला मात्र बातमी कधीही येवो, ऐकल्या दिवसापासून पुरे दहा दिवस. म्हणजे पणजीने दहा दिवस धरले ते बरोबर, आणि भाऊबंदांनी तीन दिवस धरले तेही बरोबर. भटजींनी त्यांना तेच सांगितले असणार. पुढे नरकचतुर्दशी होती, त्यांचे सुतक केव्हाच फिटले होते, त्यांनी पोहे कांडले. कोणी कोणाचा अपमान केला नव्हता. एकवीस-बावीस वर्षांची बाई पदरात रांगते मूल घेऊन बसली होती आणि तिला तो आवाज ऐकू येत होता, याला शास्त्रात उत्तर नाही. तिचा राग मला समजतो. पण पुढच्या तीन पिढ्यांनी तो सांभाळायचे कारण नव्हते.

आणि त्या तीन दिवसांनीच मला तारीख दिली. भाऊबंदांनी तीन रात्री धरल्या याचा अर्थ बातमी पोचली तेव्हा मरणाला दहा दिवसांहून जास्त झाले होते, असे ट्रंक आणणाऱ्याने सांगितले असले पाहिजे. तिथी नसेल सांगता आली, पण ‘दसऱ्याआधी गेला, नवरात्रात गेला’ एवढे तो सांगू शकत होता. वद्य चतुर्थीतून दहा-अकरा दिवस मागे गेले की आपण शुद्ध अष्टमी-नवमीला, दसऱ्याच्या अलीकडे येतो. म्हणजे पणजोबा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेले. ६ ऑक्टोबर त्याच दिवसांत आहे. पत्रांत आलेले त्या आठवड्याचे आकडे मी वहीत उतरवून घेतले. त्यांतल्या कुठल्यातरी एका आकड्यात ते आहेत.

नाव कुठेच नाही. हे आधीपासून मनाशी धरून चालले होते तरी प्रत्येक अंकाच्या शेवटी ते पुन्हा लागे. पत्रांत नावे येत ती राजेश्रींची, रावसाहेबांची, वकिलांची, शेटजींची. मृत्यूही सगळ्यांना सारखा लागला नाही. त्या साथीत मुंबईतल्या युरोपियनांचा मृत्युदर हजारी ८ च्या आसपास राहिला, पारशांचा ९, सवर्ण हिंदूंचा जवळजवळ १९, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींचा ६१ च्या वर. ज्यांची माणसे सर्वांत जास्त गेली त्यांची नावे पत्रांत सर्वांत कमी आली. जुन्या वर्तमानपत्रांत पूर्वज शोधणाऱ्याने हे नीट समजून घेतले पाहिजे. आपला माणूस छापील नावात सापडला तर भाग्य, नाहीतर तो संख्येत आहे, आणि संख्या वाचणे हाही शोधच आहे. देशाची १९२१ ची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. गोव्याची १९१० साली सुमारे ४ लाख ८७ हजार होती, ती १९२१ साली ४ लाख ६९ हजारांवर आली. या उणे संख्येत आमचा एक आहे, हे मी आता खात्रीने म्हणू शकते.

आमच्याच पेडणे तालुक्यातल्या दुसऱ्या मरणांचे पाहा. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला पोर्तुगीज पोलिसांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. कर्नैलसिंग बेनिपाल पंजाबातून आले होते. ते तिथे पडले, त्यांचे नाव देशभरच्या पत्रांत छापून आले, आज तिथे स्मारक आहे. त्यांच्या घरच्यांना तारीख शोधावी लागणार नाही. ते योग्यच आहे. पण साथीत गेलेल्यांचे स्मारक नसते, पत्रांतला तो आतल्या पानावरचा स्तंभ हेच काय ते. तो स्तंभ टिकला म्हणून मला माझा पणजोबा मिळाला.

आणि तो टिकण्याची हमी कोणी दिलेली नाही. ‘केसरी’सारख्या मोठ्या पत्रांचे अंक जपले गेले, पण तालुक्या-तालुक्याच्या साप्ताहिकांचे काय? किती पत्रे वर्ष-दोन वर्षे चालली आणि बंद पडली, त्यांचा एकही पुरा संच राहिला नाही. इंग्रज सरकार मुंबई इलाख्यातल्या देशी पत्रांचे साप्ताहिक गुप्त अहवाल तयार करून घेई, कोण राजद्रोहाचे लिहितो ते कळावे म्हणून. आज कित्येक पत्रांचे मूळ अंक नाहीत आणि त्यांतला मजकूर फक्त त्या अहवालांतल्या इंग्रजी सारांशात उरला आहे. ज्यांनी आपल्यावर पाळत ठेवली त्यांच्या दप्तरात आपले शब्द राहिले, आपल्या माळ्यावर राहिले नाहीत. गोव्यात जुने कागद म्हणजे दौलत आहे हे डिचोली तालुक्यातल्या पिळगावच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी दाखवून दिले. त्यांनी पणजीच्या पुराभिलेखातले मराठ्यांच्या आणि पोर्तुगिजांच्या इतिहासाचे कागद उजेडात आणले, आणि जगभरचे अभ्यासक त्यांच्यामुळे इथे येऊ लागले. राज्यांच्या तहांचे ते कागद वाचले. घरांच्या मरणांचे कागद अजून वाचवायचे आहेत.

आजच्या गोव्यातल्या मराठी दैनिकांत निधनवार्तांचे अर्धे पान रोज असते. वाडा, वय, मुले, जावई, दिवसकार्य कधी, सगळे. शंभर वर्षांनी कोणी आपले माणूस शोधील तर त्याला नाव मिळेल. पण कागदी अंक घरात कोणी ठेवत नाही आणि संगणकावरचे अंक काही वर्षांनी दिसेनासे होतात हेही मी पाहिले आहे. महिन्याभराच्या रद्दीचे जे चार पैसे येतात, त्यात अशी किती माणसे जातात!

भावाने पुढच्या खेपेला भटजींसमोर पणजोबांचे नाव घेताना साल उच्चारायचे का असे विचारले. मी म्हटले, संकल्पात नको, वहीत लिही. शके १८४०, नवरात्र, मुंबई, मानमोडीचा ताप, वार्ता आश्विन व. ४. त्याने लिहिले, आणि पलीकडच्या घरी जाऊन भाऊबंदांच्या म्हाताऱ्या काकांना तीन दिवसांच्या सुतकाचा नियम वाचून दाखवला. काकांना सगळी हकीकत आधीपासून माहीत होती, त्यांच्या बाजूने. त्यांच्या घरात ती अशी सांगतात, की त्या वर्षी पोहे कांडले पण गोड केले नाही.

पेडणे, डिचोली, सावंतवाडी, वेंगुर्ले इकडे कोणाच्या माळ्यावर, देवळाच्या कोठीत, बंद पडलेल्या वाचनालयाच्या कपाटात जुन्या साप्ताहिकांचे गठ्ठे असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका. पाटोवरच्या ग्रंथालयाला कळवा, किंवा सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडचे असाल तर तुमच्या जवळच्या ग्रंथालयाला. अंक फाटका असला, तारखेचे पान नसले तरी टाकू नका. मिती एखाद्या आतल्या ओळीत सापडते. आणि घरात नव्वदीच्या पुढचे कोणी असेल तर या आठवड्यातच त्यांच्यापाशी बसा. मरण कधी झाले हे त्यांना सांगता येणार नाही, पण सुतक किती दिवस धरले ते विचारा.